एकच १८, दोन ठिकाणी दोन: जुन्या ग्राइंडरच्या इम्युलेटरमधला बाइट-ऑर्डरचा घोळ (प्रकरण अभ्यास)

माणसांची नावं, शॉपचं नाव, मशीनची कंपनी, सगळं काढून टाकलंय. अॅड्रेस थोडे बदललेत, बाकी आकडे जसे होते तसे.

पार्श्वभूमी

बेळगावला उद्यमबागेत एक मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांची कामं घेतात, शाफ्ट ग्राइंडिंग जास्त. मालकांना आपण काका म्हणू, मी पण काकाच म्हणतो. त्यांच्याकडे एक जुनं परदेशी सिलिंड्रिकल ग्राइंडर, सेकंडहँड घेतलेलं, कंट्रोलची स्क्रीन जळून गेलेली, आणि तरी ते चालत होतं कारण त्यावरचे अण्णा (हुक्केरीकडचे, घरात कन्नड, शॉपमध्ये आमच्याबरोबर मराठी) कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे पाठ करून बसले होते. स्क्रीन बंद, माणूस चालू.

काकांनी ठरवलं की दिवाळीनंतर नवा कंट्रोल बसवायचा. खरं त्यासाठी जुन्यातले पॅरामीटर पाहिजेत, म्हणजे बॅकलॅश (स्क्रूतला ढिलेपणा), ट्रॅव्हल लिमिट (मशीनचं टेबल किती सरकू शकतं), होम ऑफसेट (सुरुवातीची जागा), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉलस्क्रूची पिच एररची टेबल, म्हणजे सरकवणारा स्क्रू कुठे किती चुकतो त्याची यादी. पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेला पॅरामीटरचा कागद होता म्हणे, तो तेलानं आणि उंदरांनी मिळून संपवला.

काकांनी मला फोन केला, "तू ते कार्डातलं वाचून देतोस काय बघ की." मी एंबेडेडची फुटकळ कामं करतो, टिळकवाडीत बसून. सोबत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा, त्याला ज्युनिअर म्हणतो.

कार्ड उघडलं तर आत मोटोरोला ६८०००. हा प्रोसेसर १९७९ चा, आतून ३२ बिटचा, बाहेर डेटा बस (डेटा नेणाऱ्या तारा) १६ बिटची, अॅड्रेस २४ बिटचा म्हणजे १६ मेगाबाइट, आणि तो बिग-एंडियन, मोठा बाइट आधी. आमचे लॅपटॉप सगळे एक्स८६, लिटल-एंडियन, धाकटा बाइट आधी. प्रोग्रॅम दोन २७सी५१२ ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी प्रोग्रॅम टिकवणारी चिप), एकावर एच (हाय, वरचा बाइट) दुसऱ्यावर एल (लो, खालचा बाइट) असा स्टिकर. पॅरामीटर दोन एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी आकडे टिकवणारी मेमरी), प्रत्येकी ८ किलोबाइट, बॅटरी चिपच्या पोटातच असते ती जात, त्यामुळे सॉकेटमधून काढून प्रोग्रॅमरवर वाचली तरी डेटा जात नाही. ते आमचं नशीबच.

ठरवायचं काय होतं

वाटा चार होत्या. एक, कार्ड पुण्याला किंवा बेंगळुरूला दुरुस्तीला पाठवायचं, तेवढे दिवस मशीन बंद. दोन, लेझर इंटरफेरोमीटरवाला (लेझरनं अंतर मोजणारा) बोलावून टेबल नवीनच काढायची, सगळ्यात बरोबर खरं खर्चिक, आणि काका "ते नंतर" म्हणाले. तीन, एनव्हीरॅमचा डंप (चिपमधले सगळे बाइट जसेच्या तसे) बघून अंदाज लावायचा की कुठला आकडा कशाचा, मी एक संध्याकाळ हे करून बघितलं, १६ किलोबाइटमध्ये १८ सारखा आकडा पन्नास ठिकाणी सापडतो, त्यातला बॅकलॅश कुठला हे कोण सांगणार.

चौथी वाट म्हणजे इम्युलेटर, जुन्या कार्डाची नक्कल करून जुना प्रोग्रॅमच लॅपटॉपवर चालवायचा. कुठला पॅरामीटर कुठे आहे हे त्यालाच माहीत, आणि त्यात सिरीयल पोर्टवरून सगळे पॅरामीटर छापायची सोय होती, अण्णांना ते बटण ठाऊक होतं. प्रोसेसरचा कोअर (त्याच्या सूचना चालवणारा भाग) स्वतः लिहायची गरज नव्हती, मुसाशी म्हणून सी मधला ओपन सोर्स ६८००० कोअर आहे, कार्ल स्टेनेरुड यांचा, मेम या जुन्या व्हिडिओ गेमच्या इम्युलेटरमध्ये पण वापरलेला. तो सूचना चालवतो, मेमरीचं मात्र तुम्ही बघायचं, ८, १६ आणि ३२ बिट वाचायची आणि लिहायची फंक्शनं आपण द्यायची. बाइट-ऑर्डरची सगळी जबाबदारी त्या सहा फंक्शनांत येते, आणि आमचा सगळा घोळ पण तिथेच झाला.

चौथी वाट घेतली. ती बरोबरच होती असं अजून वाटतं, नंतर जे झालं ते आमच्या घाईमुळे.

पहिला आठवडा: सगळं चालतंय

ईप्रॉम ज्युनिअरनं वाचले. दोन चिपांचे बाइट आलटून पालटून एका फाइलमध्ये घालायचे, सम अॅड्रेसचा बाइट एच मधून, विषम एल मधून. त्यानं स्टिकर बघून तसं केलं आणि मेमरीचे फंक्शन लिहिले. १६ बिट वाचताना सरळ पॉइंटर कास्ट करून (दोन बाइट मिळून एक आकडा धर असं सी ला सांगून) लॅपटॉपच्या पद्धतीनं वाचायचे, ८ बिट वाचताना अॅड्रेसचा शेवटचा बिट उलटा करायचा, म्हणजे ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०. ही युक्ती जुनी आहे, बऱ्याच इम्युलेटरांत असते, पण तिच्यात एक अट आहे की रॉम (ईप्रॉमची फाइल) लोड करताना प्रत्येक शब्दातले, म्हणजे १६ बिटांच्या जोडीतले, दोन बाइट आधी उलटून ठेवायचे. त्यानं ते उलटणं लिहिलंच नव्हतं.

आणि तरी प्रोग्रॅम चालला! लॅपटॉपवर हिरव्या अक्षरात मशीनची स्क्रीन आली, कितीतरी वर्षांनी. काकांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी कुंदा, बेळगावची मिठाई, पाठवला. कुंदा खाल्ल्यावर कोण कशाला विचारतोय की उलटल्याशिवाय हे चाललं कसं.

एक गोष्ट तेव्हाच डोळ्यात यायला पाहिजे होती. हेक्स एडिटरमध्ये ती फाइल उघडली की अक्षरांच्या जोड्या उलट्या दिसत होत्या, "रेडी"ची अक्षरं आर-ई-ए-डी-वाय अशी न दिसता ई-आर-डी-ए, मग स्पेस, मग वाय. ज्युनिअर म्हणाला, "सर, एक्स८६ वर तसंच दिसतं." मी मान हलवली. तसं दिसत नसतं. हेक्स एडिटर एकेक बाइट दाखवतो, त्याला एंडियनशी काही घेणं नाही, अक्षरं उलटी असतील तर फाइलच उलटी आहे.

एक बारीक बग त्याच आठवड्यात निघाला, छापायचं बटण दाबलं की प्रोग्रॅम लटकायचा. सिरीयलची चिप ८ बिटची, बसच्या खालच्या अर्ध्याला जोडलेली, म्हणून तिचे रजिस्टर विषम अॅड्रेसवर. आमचं बिट उलटणं तिलाही लागत होतं, त्यामुळे प्रोग्रॅम विषम जागी विचारायचा आणि आम्ही सम जागेचं उत्तर द्यायचो. आयओला (सिरीयलसारख्या बाहेरच्या चिपांना) ते उलटणं काढलं, छपाई सुरू झाली.

अडचण: दीडशे मीटरचं टेबल

एनव्हीरॅम मी स्वतः वाचले, घरी. त्यांच्यावर स्टिकर नव्हते म्हणून मल्टिमीटरनं बीप करत बसलो, कुठलं सॉकेट बसच्या वरच्या अर्ध्याला आणि कुठलं खालच्या, आणि फाइल बरोबर बनवली. ती लोड केल्यावर प्रोग्रॅमनं सुरुवातीची चेकसम (बाइटांच्या बेरजेची) तपासणी पास केली आणि आम्ही खूश.

मग लिमिटचं पान उघडलं. टेबलाचा ट्रॅव्हल १५१०४४.१३५ मिलिमीटर. दीडशे मीटर! काकांची शेडसुद्धा एवढी लांब नाही.

हिशेब असा. खरा ट्रॅव्हल ६०० मिलिमीटर, मायक्रॉनमध्ये ६०००००, हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात, ०००९२७सी०. त्यातल्या प्रत्येक जोडीचे बाइट उलटले की ०९००सी०२७, तेच दीडशे मीटर. ज्युनिअरनं हे पटकन ओळखलं आणि पटकन दुरुस्तही केलं, एनव्हीरॅमच्या अॅड्रेसला ३२ बिटचं वाचणं आलं तर प्रत्येक जोडीचे बाइट परत उलटे करून द्यायचे. ट्रॅव्हल ६००.००० आला, बॅकलॅशच्या पानावर १८ मायक्रॉन आला, सगळं शहाण्यासारखं. मी म्हटलं छापून टाक.

इथे थांबायला पाहिजे होतं. ३२ बिटचं वाचणं चुकतंय तर १६ चं आणि ८ चं कसं बरोबर असेल, हा प्रश्न आम्ही विचारला नाही, कारण स्क्रीनवर जे दिसत होतं ते बरोबर होतं.

छापलेला कागद घेऊन शॉपवर गेलो. अण्णांनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवत आले आणि बॅकलॅशवर थांबले. ४६०८.

"हे कसं हो सर, साडेचार मिलिमीटर? मशीन आहे का बैलगाडी?"

स्क्रीनवर १८, कागदावर ४६०८. एकच प्रोग्रॅम, एकच चिप, एकच आकडा. १८ म्हणजे हेक्समध्ये ००१२, उलटा केला की १२००, म्हणजे ४६०८. एवढं तिथंच कळलं. पण स्क्रीनवर बरोबर का, हे कळायला रात्र गेली. स्क्रीनचं पान उघडताना प्रोग्रॅम एनव्हीरॅममधला अख्खा ब्लॉक ३२-३२ बिटांनी साध्या रॅममध्ये कॉपी करतो आणि मग तिथून वाचतो, ३२ चं वाचणं आम्ही दुरुस्त केलेलं, म्हणून बरोबर. छापताना तो एनव्हीरॅममधून थेट १६ बिट वाचतो, ते दुरुस्त नव्हतं, म्हणून चूक.

आणि चेकसम? ती पास होणारच होती. सगळ्या बाइटांची बेरीज, शेवटचे आठ बिट शून्य आले की पास. बेरजेत कोण आधी कोण नंतर याला काय किंमत, बाइट कसेही फिरवा बेरीज तीच. आम्ही जिला साक्षीदार धरलं होतं तिला क्रम दिसतच नव्हता.

त्याहून वाईट होतं ते

४६०८ कुणालाही दिसलं असतं. भीती वाटली ती पिच एररच्या टेबलमुळे. त्यात प्रत्येक बिंदूला एकच बाइट, म्हणजे आमचं ८ बिटचं वाचणं. फाइल बरोबर, वाचताना अॅड्रेस उलटा, परिणाम असा की शेजारशेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी. छापलेली टेबल होती १, ०, ३, २, ६, ५, ८, ६, खरी होती ०, १, २, ३, ५, ६, ६, ८. बघा, पहिली बघून कुणाला शंका येईल? एकही आकडा वेडावाकडा नाही. ही टेबल नव्या कंट्रोलमध्ये गेली असती तर शाफ्टवर एकदोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले असते आणि सगळ्यांनी दोष दिला असता व्हीलला, नाहीतर कूलंटला, नाहीतर अण्णांना.

ज्युनिअरनं ती ग्राफवर काढली म्हणून सापडली. बॉलस्क्रूची एरर लांबीबरोबर सहसा हळूहळू वाढत जाते, ग्राफ चढणीसारखा यायला पाहिजे, आमचा करवतीसारखा आला.

दुरुस्तीच्या दोन वाटा

ज्युनिअरचं म्हणणं, १६ ला पण तसंच लावू आणि ८ ला एनव्हीरॅमपुरतं बिट उलटणं काढू, दोन ओळींचं काम. खरंच दोनच ओळींचं होतं, आणि त्यानं हे प्रकरण मिटलं पण असतं. माझ्या मनात वेगळं होतं, की रॉमला एक नियम, एनव्हीरॅमला दुसरा, आयओला तिसरा, आणि पहिला का चालतो हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

त्याच सुमाराला फोनवर एक गंमत झाली. अण्णा जुन्या कागदांच्या तुकड्यावरून काही आकडे सांगत होते, आणि काही मी सांगत होतो, आणि आमचे जुळेनात. मी "सत्तेचाळीस" म्हणतो, सात आधी येतो, चाळीस नंतर. त्यांच्या डोक्यात "नलवत्तेळु", चाळीस आधी, सात नंतर. मी बोलताना ते लिहीत जायचे, पहिला ऐकला तो सात लिहिला, कागदावर ७४. मराठी बोलताना आपण लिटल-एंडियन आणि लिहिताना बिग-एंडियन, कन्नड दोन्हीकडे बिग-एंडियन (ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये रूढ केली, त्यांना बेळगाव माहीत असतं तर उदाहरण इथलंच घेतलं असतं). शेवटी अण्णाच वैतागून म्हणाले, "सर, एक एक आकडा सांगा, चार, सात. जोडून सांगू नका."

मी ज्युनिअरला म्हटलं, हेच करायचं. मेमरी म्हणजे नुसती बाइटांची रांग, ६८००० ला दिसते त्याच क्रमानं. कुठेही कास्ट नाही, कुठेही उलटणं नाही. १६ बिट पाहिजे तर पहिला बाइट आठ घर डावीकडे सरकवून दुसरा जोडायचा, ३२ पाहिजे तर चौघांना २४, १६, ८, ० असं सरकवून. लिहिताना उलट दिशेनं तसंच. लॅपटॉप कुठल्या जातीचा हा प्रश्नच उरत नाही. एवढंच बघायचं की २४ घर सरकवायच्या आधी बाइटला बिनचिन्हाच्या ३२ बिटमध्ये कास्ट करा, नाहीतर सी मध्ये तो साधा इंट होतो आणि वरचा बिट चिन्हात घुसतो.

ज्युनिअरला वेगाची काळजी होती. ८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, आजच्या लॅपटॉपला तो म्हणजे डाव्या हातचा मळ, आणि शिवाय हे सरकवणं-जोडणं नवे जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ओळखतात, एक्स८६ वर त्याची एक वाचायची आणि एक उलटायची सूचना करतात.

आणि मग सगळंच बंद

शनिवारी नवीन फंक्शन घातले, चालवलं, काळी स्क्रीन. ज्युनिअर काही बोलला नाही, खरं त्याचा चेहरा बोलत होता, "आधी चालत होतं". मागे फिरायचा मोह मलाही झाला, काकांचा सकाळीच फोन येऊन गेलेला.

फिरलो नाही, कारण ६८००० ची एक सोय आहे. रीसेटला तो ० वरून स्टॅकचा (तात्पुरत्या साठ्याचा) पत्ता आणि ४ वरून सुरुवातीचा पत्ता उचलतो. कार्डाच्या रॉमवर तो ०००००४०० असणार असा अंदाज होता, व्हेक्टरची टेबल (अडलं तर कुठे उडी मारायची त्या पत्त्यांची यादी) पहिल्या १०२४ बाइटांत असते आणि ४०० हेक्स म्हणजे बरोबर १०२४, बरेच प्रोग्रॅम तिथूनच सुरू होतात. आता हा आकडा चुकीचा कसा येतोय त्यावरून चूक कुठली ते कळतं: चारही बाइट उलटे असतील तर ०००४००००, दोन शब्दांची अदलाबदल असेल तर ०४००००००, आणि प्रत्येक शब्दातले बाइट उलटे असतील तर ०००००००४. आमचा आला ४.

म्हणजे नवीन कोड बरोबर, फाइल उलटी. अजून एक खूण बघितली, फंक्शनमधून परत फिरायची सूचना ४ई७५, ती फाइलमध्ये जवळजवळ नाहीच, आणि ७५४ई मात्र जागोजाग. ७५४ई ही ६८००० ची सूचनाच नाही.

मल्टिमीटर काढला. प्रोसेसरचा ५ नंबरचा पाय म्हणजे डी०, त्याला एक टोक लावलं आणि दुसरं ईप्रॉमच्या सॉकेटला. बीप आली ती एच स्टिकरवाल्या सॉकेटमधून, जिथे यायला नको होती. कुणीतरी कधीतरी चिपा काढल्या असतील, स्टिकर पडले असतील, परत लावताना आडव्याला तिडवे लावले असतील. स्टिकर उलटे, म्हणून फाइल उलटी, आणि ज्युनिअरच्या कोडमध्ये उलटणं राहून गेलेलं, दोन चुकांनी एकमेकींना धरून कुंद्यापर्यंत आणलं होतं.

फाइल परत बनवली, पहिल्याच फटक्यात स्क्रीन आली.

तपासणी

या वेळी चाचण्या आधी लिहिल्या. ०१०२०३०४ असा आकडा ३२ बिटनं लिहायचा आणि ८ नं, १६ नं वाचायचा, मग ८ नं लिहून ३२ नं वाचायचा, सगळ्या जोड्या, रॅमला आणि एनव्हीरॅमला वेगळ्या. आधीच्या चाचणीत आम्ही ० आणि एफएफएफएफ वापरले होते, ते उलटले तरी तेच राहतात, त्यांना काय विचारायचं.

ज्युनिअरनं स्वतःच्या डोक्यानं एक चांगली गोष्ट केली. तोच कोड एस३९०एक्स (आयबीएमच्या मेनफ्रेमचा प्रोसेसर, बिग-एंडियन) साठी कंपाइल करून क्यूइमू या इम्युलेटरमध्ये चालवला, आणि दोन्हीकडची छपाई जुळवून बघितली. एका ओळीत फरक आला, लॉग लिहिताना एक कास्ट शिल्लक राहिली होती. ती पण काढली.

निकाल

छपाईत बॅकलॅश १८. अण्णांनी त्याच दिवशी मशीनवर डायल (मायक्रॉन मोजायचं घड्याळ) लावून बघितलं, वीसच्या आसपास. टेबलचा ग्राफ चढणीसारखा. नवा कंट्रोल दिवाळीनंतर बसला, पॅरामीटर घातले, आणि स्लिप गेज (ठरलेल्या मापाचे ठोकळे) लावून चार ठिकाणी मोजलं तर काकांना चालण्यासारखं आलं. लेझर अजून झालेलं नाही, काका अजून "ते नंतर"च म्हणतात, आणि जुनी टेबल जुन्या झिजेची आहे हे मी त्यांना लिहून दिलंय.

परत केलं तर

डायल पहिल्या दिवशी लावला असता तर दहा मिनिटांत आमच्याकडे एक खात्रीचा आकडा असता, प्रत्येक छपाई त्याच्याशी ताडून बघता आली असती. आम्ही संगणकाची माणसं, मशीन शेजारी उभं असताना डंप बघत बसलो.

एनव्हीरॅमला मल्टिमीटर लावला आणि ईप्रॉमला स्टिकरवर विश्वास ठेवला, याला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित स्टिकर नव्हते म्हणूनच ते तपासले गेले.

आणि ३२ बिटची ती पहिली डागडुजी. तिच्यामुळे स्क्रीन बरोबर झाली आणि छपाई चुकीचीच राहिली, ती केली नसती तर दोन्ही सारखीच चुकली असती आणि आम्ही शॉपवर जायच्या आधीच थांबलो असतो. ज्युनिअरला मी यावर बोललो नाही, कारण "छापून टाक" मी म्हटलं होतं.

जुने ईप्रॉम काकांनी डब्यात घालून ठेवलेत. अण्णांनी स्टिकर काढून नवीन लावले, एच आणि एल लिहू नका म्हटलं तर एकावर "सम", दुसऱ्यावर "विषम" लिहिलं, आणि खाली कन्नडमध्ये पण.